चूल आणि शेत यांच्यातली ओढाताण

शेतकऱ्याला खताची किंमत कळत नाही म्हणून तो शेणाच्या गोवऱ्या थापतो, हा समज ब्रिटिश अमलात पक्का झाला आणि जमिनीचा कस उतरल्याचा दोष त्याच्या माथी आला. पुरावा मात्र वेगळे सांगतो. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रसायनतज्ज्ञ १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानातली शेती पाहत फिरले. १८९३च्या अहवालात त्यांनी लिहिले, की जिथे सरपण मिळते तिथे शेण शेतातच जाते; ते जळते ते लाकूड नसल्यामुळे. म्हणून त्यांनी सरपण आणि चाऱ्यासाठी राखीव वने मागितली. त्याआधी दहा वर्षे, १८८३मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गायराने आणि डोंगर बंद केल्याबद्दल सरकारला जाब विचारला होता. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर शेतात उतरतो आणि तेच खत, हे त्यांनी नेमके हेरले होते. जमिनीचा कस हा सरपणाचाही प्रश्न आहे. आपल्या शेतीच्या इतिहासात ही गोष्ट फार कमी मांडली जाते.

या अडचणीचा खरा विचार झाला तो इंदूरला. १९२४मध्ये होळकरांच्या राज्यात उभ्या राहिलेल्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी थोड्या शेणात जास्त खत कसे होईल ते शोधले. माळव्याच्या काळ्या कापूसपट्ट्यात सहज मिळणारी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, टणक, लवकर न कुजणारी. ती त्यांनी रस्त्यावर पसरली आणि गाड्यांच्या चाकांखाली चेचून घेतली. गोठ्यातली मुताने भिजलेली माती, शेण, राख आणि काडीकचरा यांचे थर ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्ड्यात रचले, ओल राखली, तीनदा परतले. तीन महिन्यांत खत तयार. काडीत कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडे. ते नत्र मुतातून मिळे, आणि उकिरड्यावर वाया जाणारे हेच मूत या पद्धतीचा प्राण होते. १९३१मध्ये दोघांनी ती ग्रंथरूपाने मांडली. वाडांचे नाव आज क्वचितच घेतले जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

यावर रास्त आक्षेप असा, की पऱ्हाटीही चुलीतच जात असे. मग शेतकऱ्याने खड्ड्यात काय घालायचे? शिवाय खड्डे भरायला आणि परतायला माणसे हवीत, कोरड्या महिन्यांत पाणी हवे. ही पद्धत चहा-कॉफीच्या मळ्यांनी उत्साहाने उचलली, कारण त्यांच्यापाशी मजूर होते. दोन बैलांच्या शेतकऱ्यापाशी नव्हते. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याने पद्धत खोटी ठरत नाही. सरपणाची सोय आधी व्हायला हवी, हे व्होल्करांचे म्हणणेच त्याने बळकट होते. आता घरोघरी गॅस आला, तरी पऱ्हाटी बांधावर पेटतेच, मग सरपणाचे कारण कुठे उरले, असेही कोणी विचारील. उत्तर गोठ्यात आहे. ट्रॅक्टर आला तशी बैलजोडी गेली, तिच्याबरोबर शेण आणि मूतही गेले. आणि त्यांच्याशिवाय पऱ्हाटी वर्षभर पडून राहिली तरी नीट कुजत नाही.