चणेपु म्हणजे पुणे

लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात आम्ही पोरं 'च'च्या भाषेत बोलायचो. पहिलं अक्षर शेवटी, पुढे 'च'. पुणे म्हणजे 'चणेपु'. एक दिवस आजीला पद्धत कळली आणि सगळी गुपितं संपली!

पहिल्या नोकरीत मी पुन्हा तेच केलं. ग्राहकांचे पासवर्ड लपवायला स्वतःचं एन्क्रिप्शन लिहिलं. सीनियरने कोड वाचला आणि चहा संपायच्या आत सगळे पासवर्ड उलगडले. नशीब, कोड रिलीज झाला नव्हता. (पासवर्ड एन्क्रिप्ट नाही, हॅश करायचे असतात, हेही तेव्हाच कळलं.)

कर्कहॉफ्सने १८८३ मध्येच सांगितलं होतं, पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, गुपित फक्त किल्ली हवी. १९७७ चं डीईएस अमेरिकेचं सरकारी मानक, पण किल्ली ५६ बिटांचीच. १९९८ मध्ये एका यंत्राने ती ५६ तासांत शोधली. एईएससाठी मात्र १९९७ पासून खुली स्पर्धा झाली. १५ प्रस्ताव आले, जगभरच्या तज्ज्ञांनी ते फोडायचा प्रयत्न केला, आणि २००१ मध्ये दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत मानक ठरली.

तेव्हा मंडळी, साधन निवडताना एवढंच विचारा: हे आजवर कुणी कुणी फोडून बघितलंय? उत्तर 'कुणीच नाही' असेल, तर ती 'च'ची भाषाच समजा.