कर्नाळ्याची सहल

पनवेलच्या शाळेत मी विज्ञान शिकवलं. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन कर्नाळ्याला जायचे. एसटीतून उतरलं की अंगठ्यासारखा सुळका समोर दिसायचा. कर्नाळा गडाचा इतिहास मी त्यांना थोडक्यात सांगत असे. शेजारच्या शिरढोणचे क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके मुलांना आधीच ठाऊक असायचे.

मुलांना पाखरं दाखवायची ही रीत मुंबई परिसरात तशी जुनी आहे. 1926 साली पक्षीतज्ज्ञ सालिम अली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याते झाले आणि मुलांना पक्षी दाखवू लागले. पण तिथले पक्षी पेंढा भरलेले आणि काचेआडचे. कर्नाळा 1968 मध्ये अभयारण्य झालं आणि जिवंत पाखरांचं जंगल आमच्या मुलांच्या हाताशी आलं. माझ्या मते रायगडातल्या शाळांना मिळालेली ही सर्वांत मोठी प्रयोगशाळा.

फेब्रुवारीत पांगारा फुलला की मी गटाला त्याच्याखाली बसवायचे आणि अजिबात बोलू द्यायचे नाही. थोड्या वेळात भृंगराज यायचा. शेपटीची दोन लांब पिसं, टोकाला झुपके. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो, म्हणून मुलं भलत्याच झाडाकडे बघत राहायची. मग एखादी मुलगी हळूच विचारायची, "बाई, हे सगळं एकच पाखरू बोलतंय?" त्या प्रश्नानंतर धडा शिकवावा लागत नसे.

मुंबई-गोवा महामार्ग या अभयारण्यातूनच जातो, त्यामुळे पाखरं ऐकताना हॉर्नचा त्रास वाढतच चालला आहे. शिक्षकांनो, मुलांना घेऊन सकाळी लवकर जा, स्पीकर नेऊ नका आणि गट लहान ठेवा.