रविवारची शाळा आणि आजीची भाषा



मागच्या महिन्यात बदलापूरजवळच्या एका गावात गटाची बैठक होती. हिशेब झाला, पासबुकं वाटून झाली, आणि एका ताईंनी मला विचारलं, "ताई, तुमची मुलं दर रविवारी चर्चमध्ये वेगळ्या वर्गात बसतात म्हणे. तिथं शिकवतात तरी काय?" चहा संपला तरी माझं उत्तर संपेना. म्हणून आज तेच रेडिओवर सांगते.

त्या वर्गाला आम्ही संडे स्कूल म्हणतो. माझी आजी शब्बाथ शाळा म्हणायची. तिथं मुलं हातवारे करत गाणी म्हणतात, बायबलमधलं एखादं वचन पाठ करतात आणि गोष्ट ऐकतात. या सगळ्याचा गाभा एकच, तो म्हणजे तारण. माणूस चुकतो, देवापासून दुरावतो. पण देव त्याला टाकून देत नाही. येशूने आपल्या पापांसाठी वधस्तंभावर प्राण दिला, तो पुन्हा उठला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला क्षमा मिळते, नवं जीवन मिळतं, असं आम्ही मानतो. आता एवढी मोठी गोष्ट सहा वर्षांच्या लेकराला कशी सांगायची? तर हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगून. शंभर मेंढरांतलं एक हरवतं. मेंढपाळ बाकीची नव्याण्णव मागे ठेवून त्या एकाला शोधायला जातो आणि खांद्यावर घेऊन घरी येतो. ज्यांच्या दारात शेळ्या आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

रविवारच्या अशा शाळांचा इतिहास गरिबांच्या मुलांपासून सुरू होतो. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात मुलं सहा दिवस कामाला जुंपलेली असायची. १७८० साली रॉबर्ट रेक्स या माणसाने त्यांच्यासाठी रविवारी शाळा काढली. शिकवायला गावातल्याच साध्या बायका ठेवल्या. पुस्तक बायबलचं, पण त्यातून मुलं आधी वाचायला शिकली.

आपल्याकडची गोष्ट तर त्याहून जुनी आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज धर्मगुरू होते. त्यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. हे पुराण का लिहिलं, ते त्याच्या सुरुवातीलाच सांगितलंय. रविवारी संध्याकाळी साष्टीतल्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण चाललेलं असतं. तिथं एक माणूस विचारतो, की आमची जुनी पुराणं तर सुटली, मग आम्हाला आमच्या भाषेत दुसरं पुराण का नाही? म्हणजे बघा, एवढा मोठा ग्रंथ मुलांच्या वर्गात उठलेल्या एका प्रश्नातून आला!

पुढे त्याच गोव्यात उलटंही घडलं. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. पण हुकमाने घरातली भाषा जात नाही. कोकणी आजही गोव्यातल्या चर्चमध्ये गाते आहे.

आमच्या घराचं मूळ नगर जिल्ह्यातलं. तिथं अमेरिकन मराठी मिशनचं मोठं काम होतं. मिस सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या आणि नंतर नगरला राहून मुलींना शिकवत राहिल्या. पुढे 'बालबोधमेवा' हे मुलांचं मराठी मासिक निघू लागलं. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी येशूची भक्ती अभंगात, ओवीत आणि कीर्तनात आणली. त्यांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. लक्ष्मीबाईंना लग्नाआधी अक्षरओळखही नव्हती, हे विसरू नका.

आणि पंडिता रमाबाई! केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात सापडलेल्या मुली, विधवा बायका होत्या. त्यांना कळेल असं सोपं मराठी बायबल हवं, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्यांनी सगळं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. छपाईचं कामही केडगावच्या बायकांनीच केलं.

माझी आजी याच वाटेवरची. गावकुसाबाहेरच्या वस्तीत वाढलेली. शाळेत गेली नाही, शब्बाथ शाळेत अक्षरं शिकली. लग्न होऊन अंबरनाथला आली, आजोबा इथं कारखान्यात होते. शेजारचं उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी उभं केलेलं गाव. लढाईच्या काळातली लष्करी छावणी होती, तिला १९४९ साली उल्हासनगर नाव मिळालं. अजूनही आपण कॅम्प एक, कॅम्प पाच असंच म्हणतो. अशा वेगवेगळ्या भाषांच्या शेजारात आजीने चाळीतली मुलं गोळा केली आणि दर रविवारी त्यांना मराठीतून गोष्ट सांगितली.

आता माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत प्रश्न निघाला, की मुलं इंग्रजी शाळेत जातात, मग संडे स्कूलही इंग्रजीत करू या का? मी हात वर केला. वाटलं, मुलांना सोपं जाईल. वर्ग इंग्रजीत झाला. माझी लेक वचनं घडाघडा म्हणू लागली.

मग एका रात्री आजी आजारी होती. ती लेकीला म्हणाली, "बाळा, मेंढराची गोष्ट वाचून दाखव." आजीचं जुनं मराठी बायबल लेकीच्या हातात दिलं. ती एकेक अक्षर जुळवत राहिली, दुसऱ्या ओळीवर थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. शेवटी आजीने डोळे मिटून ती गोष्ट तोंडपाठ सांगितली. जिला शाळा मिळाली नाही, ती सांगत होती, आणि जिची आम्ही वर्षाला एवढी फी भरतो, ती नुसती ऐकत होती. मला फार लागलं ते.

तारण काही पाठांतराने मिळत नाही, आणि कुणावर लादताही येत नाही. आमच्या वर्गात मुलांना हे सांगितलंच पाहिजे. पण जे मनापर्यंत पोचवायचं, ते आईआजीच्या बोलीतून लवकर पोचतं. फादर स्टीफन्सना ते चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. रमाबाईंनी त्यासाठी म्हातारपणापर्यंत कष्ट घेतले.

मी मंडळीत पुन्हा बोलले. आता दर रविवारी शेवटचा अर्धा तास मराठीत असतो. पाळीपाळीने एकेक आजी गोष्ट सांगते, मुलं मराठीतून वाचतात. अडखळतात, पण वाचतात. माझी लेकही वाचते.

मैत्रिणींनो, तुमचा धर्म कुठलाही असो. तुमच्याही आजीने काही सांगितलं असेल, ओवी असेल, हरिपाठ असेल, भीमगीत असेल, दुआ असेल. पुढच्या बैठकीत हिशेबानंतर दहा मिनिटं ठेवा. घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला सोबत आणा आणि ते वाचायला लावा. वाचता आलं नाही तर रागावू नका, शेजारी बसवून शिकवा.

एवढंच सांगायचं होतं. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!