मोहीम अर्ध्यावर, यंत्र घराघरांत

१९९६ साली ब्रिटिश साहसवीर रॅनल्फ फाइन्स अंटार्क्टिका एकट्याने ओलांडण्यास निघाले. मोहिमेतून ‘ब्रेकथ्रू ब्रेस्ट कॅन्सर’ या संस्थेसाठी निधी उभारायचा होता. पाठीराखे होते जेम्स डायसन. नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील कर्करोगानेच गेले होते. त्यांनी पिशवीविरहित ‘डीसी०२’ व्हॅक्यूम क्लीनरची ‘अंटार्क्टिका सोलो’ ही खास आवृत्ती काढली. तिच्या विक्रीतून संस्थेला मदत मिळणार होती.

हिमवादळांना पुरून उरलेल्या फाइन्स यांना अखेर नमवले ते मूतखड्याने! मोहीम सोडावी लागली. त्याच हंगामात नॉर्वेच्या बोर्गे औसलँड यांनी, शिडाच्या साहाय्याने का होईना, ते खंड एकट्याने ओलांडले.

संस्थेचे काम मात्र अडले नाही. १९९९ मध्ये लंडनला तिचे संशोधन केंद्र सुरू झाले. केवळ स्तनाच्या कर्करोगाला वाहिलेले ब्रिटनमधील ते पहिलेच केंद्र.