सशाचा मेंदू कुठे ठेवायचा?

या शनिवारी एका सशाची गोष्ट. २००५ साली पॅरिसच्या व्हायोलेट कंपनीतल्या राफी हलाजियान आणि ऑलिव्हिए मेव्हेल यांनी 'नाबाझताग' नावाचं खेळणं बाजारात आणलं. आर्मेनियन भाषेत त्याचा अर्थच ससा! वायफायला जोडलेला हा पांढरा प्लॅस्टिकचा ससा दिवे चमकवून, कान हलवून हवामान, शेअर बाजार, आलेली ई-मेल असं सगळं सांगायचा.

गोम एकच. कान घरात, पण मेंदू कंपनीच्या सर्व्हरवर. जुलै २०११ मध्ये सर्व्हर बंद झाले आणि बहुतेक ससे जागच्या जागी मुके झाले. कानांच्या मोटारी शाबूत असून काय उपयोग?

मग २०१९ मध्ये मेव्हेल आणि मंडळींनी लोकवर्गणीतून नवा बोर्ड काढला. ससा उघडा, जुनं सर्किट काढा, रास्पबेरी पाय झीरो बसवा. कान तेच! बोललेलं ओळखायचं कामही आता सशाच्या पोटातच होतं.

माझं पोट सर्व्हरवरच चालतं, तरी सांगतो. घरासाठी असलं काही घेताना आधी विचारा, कंपनी बुडाली तर हे चालेल का?