पोटखराब

वडिलांनी सावेडीत प्लॉट घेतला तेव्हा कागदांच्या गठ्ठ्यात मूळ जमिनीच्या सातबाऱ्याची नक्कलही आली होती. त्यात एक शब्द होता, 'पोटखराब'. पिकाखाली न येणारा तुकडा, असा त्याचा अर्थ. या हिवाळ्यात मी रेहेकुरीला गेलो आणि परत आल्यावर तो कागद पुन्हा काढून बघितला.

सोलापूर रस्त्याने मिरजगावपर्यंत जायचं आणि तिथून कर्जतकडे वळायचं. दोन्ही बाजूंना ऊस, कांदा आणि ज्वारी. मग अचानक हिवर, बोरी आणि पिवळं गवत लागतं. हे रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य. क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण ५३६ एकर. समुद्र नसलेल्या आमच्या जिल्ह्यात बेट म्हणावं अशी जागा हीच. चहूबाजूंनी शेती आणि मधे उरलेलं माळरान.

सकाळी आधी माद्या दिसल्या, मग पिळाची शिंगं उंचावून चालणारा एक काळा नर. कळप बिचकला आणि गवतावरून उड्या घेत निघून गेला. उघड्यावर लांबून शत्रू बघायचा आणि वेगाने सुटायचं, हा या जनावराचा जगण्याचा रिवाज. दाट जंगल त्याच्या उपयोगाचं नाही.

या वेगाचा जोडीदार होता चित्ता. पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार मुघल दरबारात चाले. कोल्हापूर संस्थानात तर हा शौक विसाव्या शतकापर्यंत टिकला, त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. काळवीट उरलं, पण त्याचा माळ आटत गेला.

माळ आटण्याचं एक कारण कागदावरचं आहे. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी भीमेपलीकडच्या इंदापुरात जमीनमोजणीची नवी पद्धत बसवली. तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मातीची प्रत आण्यांत ठरायची आणि त्यावर सारा. जी जमीन पिकत नाही तिला आकार नाही. मेंढपाळाला तिथे पवन्या आणि मारवेल दिसायचं, दप्तराला काहीच दिसायचं नाही. पुढे अशा जमिनीवर झाडं लावा, कालवा न्या, प्लॉट पाडा, काहीही केलं तरी ती सुधारणाच ठरली.

१९७२ चा दुष्काळ आणि त्याच वर्षीचा वन्यजीव कायदा यांच्यानंतर माळाकडे बघणं थोडं बदललं. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकासाठी तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात आमचे कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा तालुकेही होते. पण आत गावं आणि खाजगी शेतं होती. जमिनीचे व्यवहार अडले, लोक चिडले आणि पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. माळढोक तर जवळजवळ दिसेनासाच झाला. रेहेकुरीची घोषणा १९८० ची. इथली रेघ लहान, पण जमीन वनखात्याच्या ताब्यातली. काळवीट टिकलं ते तिथे.

अर्थात काळविटाला ती रेघ कळत नाही. बाहेर बांधावर एक म्हातारे शेतकरी भेटले. कोवळ्या ज्वारीचे शेंडे खाल्लेले दाखवत म्हणाले, "भाऊ, हरणं बघायला तुम्ही येता. राखणीला रात्री आम्हीच बसतो." नुकसानभरपाई मिळते का, असं मी विचारलं. "अर्ज करावा लागतो," एवढंच म्हणाले आणि चहाला चला म्हणाले. चहा पिताना मला त्यांच्याशी वाद घालता आला नाही. बेट जपण्याचा खर्च किनाऱ्यावरच्या माणसांच्या माथी पडतो.

घरी आल्यावर वडिलांना विचारलं, आपण राहायला आलो तेव्हा इथे काय होतं? "काही नव्हतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कुसळं होती. पायजम्याला चिकटायची. रात्री टिटव्या ओरडायच्या, तुझी आई घाबरायची." म्हणजे काही नव्हतं असं नव्हतं.

आमच्या समोरचा एक प्लॉट अजून मोकळा आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत वाढतं. मालक पुण्याला असतात. सापांच्या भीतीने गेली दोन वर्षं मीच त्यांना फोन करून तणनाशक मारायला लावलं. यंदा फोन केलेला नाही. शेजारी विचारायला लागले आहेत.