इमोजेन ग्रँट : लाइटवेट नौकानयनाच्या अखेरच्या ऑलिम्पिक विजेत्यांपैकी एक

इमोजेन ग्रँट (जन्म १९९६) या ब्रिटनच्या नौकानयनपटू आणि डॉक्टर आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एमिली क्रेग यांच्यासोबत त्यांनी महिलांच्या लाइटवेट डबल स्कल्स प्रकारात सुवर्णपदक जिंकले. ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार त्यानंतर बंद झाला. त्यामुळे त्यांची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी हा वजनगट समजून घ्यावा लागतो.

लाइटवेट गट म्हणजे काय?

नौकानयनात उंच, लांब हातांच्या आणि वजनदार खेळाडूला नैसर्गिक फायदा मिळतो. वल्ह्याचा प्रत्येक फटका लांब पडतो आणि त्यात जोरही जास्त असतो. ज्यांची शरीरयष्टी लहान, त्यांनी कितीही मेहनत घेतली तरी खुल्या गटात ते बहुधा मागे पडतात. म्हणून लाइटवेट गट सुरू झाला. महिलांच्या डबल स्कल्समध्ये कोणाचेही वजन ५९ किलोपेक्षा जास्त चालत नसे आणि दोघींची सरासरी ५७ किलोच्या आत लागे. शर्यतीच्या एक ते दोन तास आधी वजन होई. १९८५ पासून महिलांसाठी या गटाची जागतिक स्पर्धा होऊ लागली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्याचा समावेश झाला. या गटात चीनच्या महिलांनी २०१२ मध्ये रौप्य आणि २०१६ मध्ये कांस्यपदक मिळवले.

सुरुवात

ग्रँट यांनी वल्हे हाती घेतले ते केंब्रिज विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्यावर. लहानपणापासूनची तयारी पाठीशी नव्हती. तरीही २०१७, २०१८ आणि २०२२ मध्ये ऑक्सफर्डविरुद्धच्या प्रसिद्ध 'बोट रेस'मध्ये विजयी ठरलेल्या केंब्रिजच्या महिला संघात त्या होत्या. ही शर्यत आठ वल्हेकऱ्यांच्या नौकेची असून तिला वजनाची मर्यादा नसते. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत क्रेग यांच्यासोबत त्यांना कांस्यपदक मिळाले.

टोकियो : एक शतांश सेकंद

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत इटली पहिली, फ्रान्स दुसरा आणि नेदरलँड्स तिसरा आला. नेदरलँड्सची वेळ होती ६ मिनिटे ४८.०३ सेकंद. ग्रँट आणि क्रेग यांची ६ मिनिटे ४८.०४ सेकंद. दोन हजार मीटर वल्हवून पदक हुकले ते सेकंदाच्या शंभराव्या भागाने. पहिल्या आणि चौथ्या नौकेतले अंतरसुद्धा केवळ अर्ध्या सेकंदाचे होते.

या जोडीने एकमेकींची साथ सोडली नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये दोघी सलग जगज्जेत्या झाल्या. २ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसजवळच्या वेर-सुर-मार्न येथे त्यांनी रुमानिया आणि ग्रीसला मागे टाकून सुवर्णपदक घेतले. त्यानंतर काही दिवसांतच ग्रँट रुग्णालयात डॉक्टर म्हणून कामावर रुजू झाल्या.

गट का बंद झाला?

ऑलिम्पिक समितीचे धोरण वजनगट कुस्ती-बॉक्सिंगसारखे द्वंद्व खेळ आणि वेटलिफ्टिंग यांपुरते ठेवण्याचे आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लाइटवेटऐवजी समुद्रकिनाऱ्यावरची 'बीच स्प्रिंट' शर्यत येत आहे. लाइटवेटवर एक रास्त आक्षेपही होता. वजन बसवण्यासाठी खेळाडू उपाशी राहतात, पाणी कमी पितात आणि त्याचा परिणाम विशेषतः स्त्रियांच्या आरोग्यावर होतो. हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. मात्र त्यावर उपाय म्हणून वजन करण्याचे नियम सुधारणे वेगळे आणि अख्खा गटच काढून टाकणे वेगळे.

आपल्यासाठी याचा अर्थ

टोकियोत भारताचे अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग हे याच गटाच्या पुरुष विभागात उतरले आणि ११ वे आले. पुण्यातील लष्कराच्या रोइंग केंद्रात त्यांची तयारी झाली होती. पुढे हांगझोऊ आशियाई स्पर्धेत या जोडीने रौप्यपदक मिळवले. अशा खेळाडूंसाठी ऑलिम्पिकच्या संथ पाण्यातल्या शर्यतींत आता फक्त खुला गट उरला आहे.

सर्वांना एकाच रेषेवर उभे केले म्हणजे समान संधी मिळाली, हा युक्तिवाद आपल्या समाजाने शिक्षणात आणि नोकरीत पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. वेगळा गट ठेवला की गुणवत्ता घसरते, असेही त्यासोबत ऐकवले जाते. टोकियोच्या त्या शर्यतीत चार नौका अर्ध्या सेकंदात आल्या. गट वेगळा होता म्हणून तिथली चुरस तसूभरही कमी झाली नव्हती.